जांबोटीत, जेवायला

"ऊटा आतेन्री?" विचारता विचारता
शिवगंगव्वा तिसरी भाकरी टाकूनही मोकळी.
उत्तराला जागाच नाही ताटात:
एण्णगायी, शेंगाचटणी, दह्याचा ओघळ.

तिच्या मागं भिंतीला पाच खिळे,
चार किल्ल्या.
वर कुणीतरी उतरलंय,
जिन्यावर ओली पावलं,
दोरीवर एकच मोजा.

आपण नुसते जेवायला थांबलो होतो.
अंधाराआधी चोर्ल्याचा घाट उतरायचा होता.
तू हात धुतलेस
आणि पुसायचे विसरलीस.

बिलावर कानडी आकडे.
सहा की नऊ, मला काही ओळखेना.
तिनंच माझ्या तळहातावरून
नोटा वेचून घेतल्या,
उरलेल्या मुठीत मिटून दिल्या.

कणकुंबी मागं पडल्यावर तू म्हणालीस,
दोन नंबरच्या किल्लीला
लाल दोरा होता.