चित्रात काय दिसतं

उद्यमनगरात वेल्डिंगच्या दुकानावरची खोली
मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातनंतर माझी.
भिंतीवर चादर. प्रोजेक्टर पतसंस्थेकडून मागून आणलेला,
त्याला निळा रंग दाखवता येत नाही,
म्हणून आमच्या वर्गात आभाळ कायम पिवळट.

चित्रं मी इंटरनेटवरून घेते. फुकटची.
कुणी कुठं काढलेली, वापरा म्हणून सोडून दिलेली,
तळाशी कधी नाव, कधी नुसता आकडा.
'कुटुंब' शोधलं की
सोनेरी केसांची चार माणसं, एक कुत्रं,
आणि टेबलावर एवढी फळं की लिसी विचारते,
"मॅडम, यांच्यात आजारी कोण आहे?"
सीपीआरमध्ये नर्स आहे ती.

नियम एकच. एक चित्र, एक मिनिट, थांबायचं नाही.
चुकलं तर चुकू दे.
'दूध' शोधलं, संगमरवरावर काचेचा ग्लास आला.
सनातन बेहेरा फौंड्रीत साचे भरतो. तो उठून उभा राहिला:
"हा दूध खोटा आहे. फेस नाही.
गंगावेशीत म्हैस उभा असतो, माणूस उभा असतो,
मधे फक्त पेला."
वहीत दोन खुणा केल्या
आणि पेन्सिल खाली ठेवली,
'मधे फक्त पेला' मला सुचलं नसतं.

"दरवाजा?" लिंथोई विचारते.
तो.
"आणि दार?"
ते.
"लाकूड तेच, मॅडम?"
लाकूड तेच.
ती वहीत काहीतरी लिहिते, मणिपुरीत, बराच वेळ.

झरना सहा आठवडे बोलली नव्हती.
नवरा गुजरीत सोन्याला डाग देतो,
ही कोपऱ्यात, पिशवी मांडीवर, निघायच्या तयारीत.
त्या शुक्रवारी चित्र चुकून लागलं.
स्वयंपाकघर. देश कळत नाही.
किटली, ओलं फडकं, उघडं दार. माणूस नाही.
मी पुढं सरकवणार, तेवढ्यात

"बाई आत्ता गेली."

सगळे वळले.
"फडका ओला आहे. दोन कप आहे, एक पालथा.
एकटी चहा पिली. मग दाराला म्हणाली, मी येतो.
दार बोलत नाही. तरी म्हणाली."

लिंथोईचं बोट लगेच वर: "बाई आहे. 'येते' पाहिजे."
पान अकरा. फळ्यावर मीच लिहिलंय, किती वेळा.
झरना म्हणाली,
"घरमालकीण असंच बोलतात. येतो. जेवलो. दमलो."

आता काय सांगू.
या गावात बायका अशाच येतात, अशाच दमतात,
मीही. एकोणीस वर्षांची होईपर्यंत.
मग पुण्यात, होस्टेलच्या जिन्यात, "येतो हं" म्हणाले
आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी हसलं.
चेहरा दिसला नाही.
त्या रात्रीपासून येते, जाते, जेवते,
तीस वर्षं झाली, एकदाही चुकले नाही.

खाली वेल्डिंगवाल्यानं शटर ओढलं.
मिनिट कधीच संपलं होतं.
"दोन्ही चालतं," मी म्हणाले. "अर्जात 'येते' लिहा."
"आणि बोलताना?" लिसी.
प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला.
झरना अजून चादरीकडं बघत होती,
त्या पालथ्या कपाकडं,
जणू तो सुलटा करायचा तिच्याच हातून राहिला होता.

चादरीची घडी केली, वायर गुंडाळली.
जिन्यात सनातन म्हणाला,
"ती बाई परत आली असेल काय, मॅडम?"
मी कुलूप दोनदा ओढून बघितलं.

रस्त्यावर येऊन कागलला आईला फोन लावला.
"जेवलीस?"
"न्हाई अजून. आत्ता सुटलो वर्गातनं."
पलीकडं जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाली,
"रेंज न्हाई वाटतं तुझ्याकडं.
परत बोल बघू."