साच्यातला अंगठा

वाळू तीनदा चाळायची, हे बापाने शिकवलं.
मग खारट झुडपांची राख, तांब्याचा कीस,
थोडं पाणी, आणि थुंकी.
थुंकीचं त्याने कुणाला सांगितलं नाही.
साच्यात दाबायचं, काढून सावलीत ठेवायचं.
भट्टीतून निघतं तेव्हा निळं असतं,
आपण घातलेलं काहीच निळं नसताना.

या नव्या नगरात दिवसा मी द्राक्षं करतो,
राजवाड्याच्या भिंतींना लावायची, घडच्या घड,
आणि अंगठ्या, ज्यांच्यावर फक्त त्याचं नाव.
त्याचं म्हणजे आतेनचं, आभाळातल्या तबकडीचं.
तिला किरणांचे हात, प्रत्येक हाताला पंजा.
चित्रात नीट पाहिलंय मी:
ते हात राजाच्या नाकापर्यंत येतात, श्वास देतात,
राणीच्या, पोरींच्या नाकापर्यंत येतात,
आणि संपतात.
आमची गल्ली उत्तरेला, उकिरड्यापलीकडे.

तक्रार नाही. ऊन आमच्याकडेही पडतं.
जरा जास्तच पडतं.

पण अडलेल्या बाईने उन्हाचं काय करायचं?
तबकडीला पोट नाही. तबकडीला कळ येत नाही.
तावेरेतला पोट आहे, ओघळलेले स्तन आहेत,
पाणघोडीचं तोंड, पाठीवर सुसरीची शेपटी,
आणि दोन पायांवर अशी उभी राहते
जशी गल्लीतली कुणीही नवव्या महिन्यात, दारात.
आणि बेस: फेंगड्या पायांचा बुटका,
जीभ बाहेर काढून खाटेशी डफ बडवणारा;
साप-विंचू राहू देत, मरणालाच हसू फुटावं.
असले देव देवळात शोभत नाहीत.
ते मडक्यांच्या फळीवरच राहिले,
म्हणून छिन्नी घेऊन फिरणाऱ्यांना सापडले नाहीत.

कारकून आला होता झडतीला.
मागच्या वर्षी आमेनेमहेब, यंदा आतेनेमहेब;
जुन्या नावाने हाक आली की मान अजून आधी वळते.
फळी पाहिली, टोपल्या उचकल्या.
राखेखालचा साचा त्याच्या हाताला लागला.
"हे काय?"
"पाणघोडी," मी म्हणालो. "नदीत असते."
तो बराच वेळ बघत राहिला.
"असते खरी," म्हणाला,
आणि राख पुन्हा वर सारली,
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तशी.

साचा बापाचा. माती ओली असताना
त्याचा अंगठा पोटाशी जरा जास्त रुतला.
तेव्हापासून प्रत्येक तावेरेत
त्या रेघा पोटावर घेऊनच जन्मते.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी बाप गेला.
पश्चिमेचा धनी ओसिरिस, त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणाले.
काळीज तोलायचा तराजू नाही, होडी नाही, नावाडी नाही.
मेलेले रात्रभर झोपतात, सूर्याबरोबर उठतात, म्हणे.
कधी पहाटे मी टेकडीखाली जाऊन उभा राहतो.
वाळू तेवढी वाऱ्याने कूस बदलते.

वेरेल आली ती अंधार पडल्यावर.
तीन पुरलेली, चौथं पोटात.
दिव्याशी धरून म्हणाली, "हिच्या पोटावर डाग आहे."
"डाग नव्हे. बापाचा अंगठा."
"तो तर मेला ना?"
"हो."
तिने स्वतःचा अंगठा त्यावर ठेवून पाहिला.
मग दोरा दातांनी तोडला, तावेरेत गळ्यात बांधली,
अर्धी भाकरी आणि दोन कांदे ठेवून गेली.

चौथ्या रात्री सुईण आमच्या दारावरून गेली.
मी उठलो नाही. विचारायचं नव्हतं.
खूप वेळाने भिंतीपलीकडे काहीतरी रडलं,
बारीक, चिडलेलं.

चाळणी घेऊन बाहेर बसलो.
टेकड्यांवरून तो वर आला, वेळेवर,
सगळे हात पसरून.
मी डोळ्यांवर तळवा धरून पाहत राहिलो,
त्या हातांना अंगठे असतात का.