तीन वाव तंगूस

मापारीच्या दुकानात कपाटाला आता आतून दिवे आहेत.
इस्माईलचा पोरगा एकेक काढून दाखवतो:
ही कार्बनची, चार तुकडे होतात, पिशवीत मावते,
हे रीळ, आवाज ऐका,
हे रबरी मासे, डोळे बसवलेले.
मी आवाज ऐकतो. चांगला आहे,
घड्याळाला चावी देताना यायचा तसा.
काका, किती किलोपर्यंतचा मासा धरणार?

काय सांगू त्याला.
एकतीस वर्षं नाट्याच्या जेटीवरून ट्रॉलर काढला.
मासा टपानं मोजला, बर्फाच्या लाद्यांनी मोजला,
डिझेल वजा जाता उरला तेवढा मोजला.
एकटा-दुकटा मासा
मला कधी भेटलाच नाही.

आता खांदा विंचवर चालत नाही.
बोट भाच्याच्या नावावर केली
आणि आलो अर्जुनेच्या वरच्या अंगाला,
भरती जिथवर चढत नाही तिथे,
भिकीआतेच्या गावात.
लहानपणी तिच्याबरोबर इथेच गरवायचो.
पाण्याला मीठ नाही याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

म्हटलं, तंगूस दे. बारीक. तीन वाव.
रीळभरच मिळतो, काका.
आतून म्हातारा इस्माईल खोकला:
कापून दे रे. आणि वाव म्हणजे काय ते बघून ठेव.
मग भर दुकानात मी दोन्ही हात पसरले.
एक. दोन.
तिसऱ्याला खांद्यात कळ आली,
तो वाव थोडा आखूडच भरला.
आणि चार गऱ्या, सगळ्यात लहान,
तळहातावर भाताच्या फोलासारख्या.
कागदाच्या पुडीत बांधून सगळे मिळून बत्तीस रुपये.

बाकीचं घरचं.
चिव्याची काठी, चुलीवर शेकून सरळ केलेली,
तरी शेंड्याला जरा उजवीकडे बघते.
बोया सुगंधाच्या तुटक्या निळ्या चपलेचा.
शिसं जुन्या जाळ्याच्या काठाचं, एकच मणी,
दातांनी चेपला. दात तेवढे शाबूत आहेत.
काडू मोरीमागच्या आळवात, करवंटीभर.

गाठ मात्र समुद्राची बसली.
एवढी मोठी, की गरी गाठीतच हरवली.
सोडली, पुन्हा मारली, चष्मा पुसला.
आते गाठ ओढण्याआधी तंगूस तोंडात ओला करायची.
हे बोटांना आठवलं नाही,
जिभेला आठवलं.

कोंडावर उन्हं तिरकी झाली होती.
बोया हलला
आणि मी असा हिसका दिला
की खाली अर्धा टन बांगडा असावा.
गरी डोक्यावरून मागे, भेंडीच्या फांदीत.
पलीकडे धुणं आपटणारी बाई हसली, लपवलं नाही तिनं.
दुसरी गरी तिथेच गेली.
तिसरीही, फांदी जरा वरची.

चौथी बांधताना मी काठी खाली ठेवली,
थोडा वेळ नुसता बसलो.
मग टाकली.
काठीतून बोटांपर्यंत काहीतरी आलं,
ओढ नव्हे ती.
घेऊ की नको, असं चाललेलं कुणाचं तरी.
खाली त्याचं ठरत नव्हतं
आणि वर मी, आयुष्यात पहिल्यांदा,
एका माशाचं ठरायची वाट बघत होतो.

घरी सुगंधानं पिशवीत हात घातला.
एकच? हा मळया मांजराला की तुम्हाला?
तव्यावर टाक, म्हटलं. अर्धा अर्धा.
काटे फार होते. आम्ही बोललो नाही जेवताना.

उद्या राजापूर गाठायला हवं.
तीन गऱ्या झाडात आहेत, चौथीची अणी वाकली.
तंगूसही थोडा घेईन,
आणि वाव घालायला
त्या पोरालाच हात पसरायला सांगेन.