भिंत धुतल्याबद्दल

इंग्लंडात कोर्टात बसून चित्र काढायला मनाई आहे,
शंभर वर्षं झाली.
बघायला नाही.
शब्द लिहायलाही नाही.
म्हणून पेन्सिली पिशवीत ठेवून
मी वहीत मराठीतून टिपत जाते:
मधल्या मॅजिस्ट्रेट बाई – हनुवटी ताटलीच्या काठासारखी,
चष्म्याची साखळी कार्डिगनच्या बटणात अडकलेली.
सरकारी वकील – आधी कान येतात, मग तो.

शिपाई डेस्मंड खांद्यावरून वाकतो.
हे काय, चित्र?
नाही, लिपी.
मग त्या रेघेला काय लटकवलंय सगळं?
धुणं, मी म्हणते.
तो हसत नाही. पण वही परत देतो.

पिंजऱ्यात नोरीन ब्लेंकिन, वय एकसष्ट.
मार्चमधली पहाट, फवाऱ्याचं भाड्याचं यंत्र,
पत्र्यात कापलेले अक्षरांचे साचे,
आणि सरकारी कचेरीची मागची भिंत.
तिथे दर मंगळवारी परदेशी माणसं हजेरीची सही करायला येतात.
पुढल्या दाराने आत जातात सगळीच.
मागल्या दाराने काही जण, व्हॅनमध्ये.

तिने रंगाचा थेंब लावला नाही.
काजळी काढली फक्त, अक्षराएवढी.
नऊ नावं निघाली खालून,
ताकाच्या रंगाच्या दगडात.
दहावं अर्ध्यावर असताना पोलीस आले.

सरकारी वकील हात धुवून मागे लागलाय.
म्हणतो, तो मळ इमारतीचाच भाग होता,
दीडशे वर्षांचा, कोळशाचा, मासेमारी जहाजांच्या धुराचा,
म्हणजे सरकारच्याच मालकीचा.
मी लिहिते: मळ मालकी सरकार.
तिन्ही शब्दांवर एकच रेघ ओढते.
डेस्मंड बघतोय.

माझे वडील इचलकरंजीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे,
निवडणुकीत भिंती.
निकालानंतर पडलेल्याचं नाव चुन्याने झाकायचं कामही त्यांनाच,
दर तोच, फुटावर.
दोन वर्षांत चुना उडायचा
आणि हात जोडलेला उमेदवार भिंतीतून परत बघू लागायचा.
वडील म्हणायचे, पैसे परत नाही मागितले म्हणजे मिळवली.

साक्षीला देखभाल खात्याचा माणूस.
दोन मार्ग होते, तो सांगतो.
उरलेली सगळी भिंत धुवायची, अकरा हजार पौंड.
किंवा नावांवर परत काजळी आणायची, आठशे चाळीस.
आणली?
आणली.
कशाने?
ब्रशने.
म्हणजे, रंग?
तो पाणी पितो.
हो. रंग.

मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्यात हसू लपवतं.

दोषी.
वर्षभर नीट वागण्याच्या अटीवर सुटका,
भरपाई आठशे चाळीस.
नोरीन विचारते, दहावं नाव पुरं झालं नव्हतं,
तर अर्ध्या नावाचे पैसे वजा होतील का?
मॅजिस्ट्रेट बाई खाली बघतात,
बटणातली साखळी सोडवू लागतात.

बाहेर हंबर नदीवरून वारा सुटलाय, कागद ठरत नाही.
हल शहरातले टेलिफोन बूथ लाल नाहीत, सायीच्या रंगाचे आहेत.
त्यातल्या एकात शिरून काचेवर कागद दाबते.
वीस मिनिटं आहेत.
हनुवटी येते, साखळी येते, कान तर न बोलावता येतात.
पिंजरा कोळशाने गच्च भरते, त्यात नोरीन,
करडा कोट, केसांत मुलीसारखी पिन.

हात नाहीत.
वही उलटते, पालटते.
हातांबद्दल एक शब्द नाही,
सगळा वेळ तिकडेच बघत होते.

चॅनलचा फोन वाजतोय.
मी खोडरबर काढते
आणि हात असायला हवेत तिथली काजळी
थोडी थोडी उचलू लागते.