एक फ्लॅट, एक जागा

सोसायटीची नोटीस लिफ्टशेजारी चिकटवलीय:
पुनर्विकासानंतर एका फ्लॅटला पार्किंग एकच.
खाली सेक्रेटरी धुरंधरांची सही,
सहीखाली पेनाने, ‘कृपया वाद घालू नये.’

म्हणजे दोघींपैकी एक.

थोरली हेरल्ड, चौसष्टची, पिस्ता रंगाची.
मामंजींनी आणली तेव्हा म्हणे खारच्या या गल्लीत
चाकांखाली लिंबं ठेवली,
आणि महिनाअखेरपर्यंत घरात फक्त बटाटे शिजले.
बॉनेट उघडायचं तर अख्खं तोंड पुढे वाकवते,
नमस्काराला वाकलेल्या नव्या सुनेसारखी.
चोक अर्धा ओढायचा, पूर्ण नाही.
दोनदा पाय, मग थांबायचं, मग एकदा.
हे मामंजींनी मला शिकवलं, मुलाला नाही.
मुलाला थांबता येत नसे.

पेडर रोडच्या चढावर ती तापायची.
शालू नेसून मी फुटपाथवर, गिरगावात मुहूर्त टळतोय,
मामंजी रसवंतीवाल्याकडून पाण्याची बादली आणतायत.
लालबागचा रघू मेस्त्री नुसता कान लावून सांगायचा,
‘वहिनी, हा खोकला नाही. नुसती खाकरतेय.’

धाकटी पांढरी.
तिला मी शिकले नाही, तिनेच मला शिकवलं.
मागे जाताना टोकते,
रेषेबाहेर गेले की स्टिअरिंग हातातून हलकेच वळवून घेते.
एकदा तिचं बॉनेट उघडून पाहिलं:
एक काळं झाकण. त्याखाली आणखी एक झाकण.
रघूने कान लावला, बराच वेळ.
‘ही आपल्याशी नाही बोलायची, वहिनी. हिला लॅपटॉप लागतो.’

जयवंतची लाडकी हीच.
हेरल्डला तो भंगार म्हणायचा,
प्रेमाने नाही, खरंच.

गेल्या रविवारी पुण्याचे एक गृहस्थ आले.
पांढरे हातमोजे. पत्र्यावरून लोहचुंबक फिरवलं,
दार तीनदा लावून आवाज ऐकला.
म्हणाले, क्रोम नवं करू, रॅलीत काढू.
सगळे मला सांगत होते, हिला ठेव, पांढरी वीक,
पांढऱ्या गाड्या काय, टँकरइतक्या आहेत या शहरात.
सिग्नलला पोरं हेरल्डचे फोटो काढायची
तेव्हा मीही जरा ताठ बसायचे, खोटं कशाला बोलू.

मी चावी दिली.
चोक अर्धा, पूर्ण नाही, म्हटलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

कारण असं, की रोज सकाळी
पांढरी सुरू केली की पडद्यावर येतं,
जयवंतचा फोन शोधत आहे.
काहीतरी गोल गोल फिरत राहतं.
सापडला नाही. पुन्हा शोधू?
सर्व्हिस सेंटरचा मुलगा म्हणाला,
मॅडम, काढून टाकतो, दोन सेकंदांचं काम.
मी म्हटलं, राहू दे. तू ब्रेक बघ.

आज माहीमहून येताना
शेजारच्या सीटवर पापलेटं, दोन नारळ, एक कलिंगड.
गाडी बोंबलायला लागली, पट्टा लावा, पट्टा लावा.
कॉजवेच्या अलीकडेपर्यंत ऐकून घेतलं.
मग बाजूला घेऊन
कलिंगडाला पट्टा लावला.