लाल बाजू

आमच्या कॅम्पला रात्र नव्हती.
पिवळी बस साडेआठला आणून सोडायची
आणि चारला परत न्यायची,
त्यामुळे शेकोटीसुद्धा भर दुपारी पेटायची.
ज्वाळा दिसायच्याच नाहीत, नुसती
समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांवर हवा थरथरायची.
मिशिगनच्या पार उत्तरेला, जिथे
जूनमध्येही तळ्याचं पाणी पोटऱ्यांना चावतं,
तिथे आमच्या आयांना कामावर जायचं असायचं
आणि आम्हाला कुठेतरी ठेवायचं असायचं.
बाकी माहितीपत्रकात निसर्ग वगैरे.

धक्क्याजवळ एक फळी, फळीला खिळे,
खिळ्यांना लाकडी बिल्ले.
माझ्यावर लिहिलेलं: आइली के.
पाण्यात उतरताना लाल बाजू वर,
बाहेर आलं की पांढरी.
"जेवण विसरा," इम्पी म्हणायची,
"चपला विसरा, आईचं नाव विसरा,
हे विसरायचं नाही."
इम्पी सतरा वर्षांची. आम्हाला वाटायचं, चाळीस.
नाकावर पांढरं मलम, गळ्यात शिटी,
आणि तिच्या थर्मासमध्ये काय असतं
यावर आमच्या पैजा.
कॉफी असायची. नुसती काळी कॉफी.

नऊ वर्षांची असताना मी एकदा
बिल्ला लाल ठेवून शेडमध्ये गेले
आणि पालथ्या कनूखाली जाऊन बसले.
कारण फार मोठं नव्हतं:
केर्टू दुसऱ्याच कुणाची जोडीदार झाली होती.
आत वार्निशचा वास, गुडघ्याला कोळ्याचं जाळं.
तीन शिट्या ऐकू आल्या. मग धावणारी पावलं.
मग पाण्यात पुष्कळ पाय एकदम चालल्याचा आवाज,
जो मला तेव्हा ओळखता आला नाही.
बरं वाटलं. शोधताहेत.
इम्पीनं कनू उचलली तेव्हा
ती कपड्यांसकट भिजलेली होती.
ओरडेल म्हणून मी डोळे मिटले.
ती ओरडली नाही. पाठ फिरवून
शेडमागच्या नेच्यांत जाऊन ओकली.
मग बिल्ला मला माझ्याच हातानं पांढरा करायला लावला.
आणि मी किती वर्षं
हे हसत हसत सांगत आले:
इम्पीला काळी कॉफी बाधली, तो दिवस.

अठराव्या वर्षी शिटी माझ्या गळ्यात आली.
तासाला नऊ डॉलर, शिवाय एक स्वेटशर्ट.
दोन उन्हाळे गेले
सोललेली ढोपरं, पोळलेल्या पाठी आणि
"मिस आइली, यानं माझी काठी घेतली" यात.
जंगलात लाखो काठ्या.
भांडण एकीवरून.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैतल्या एका मंगळवारी,
मुलं मोजली. एक कमी.
फळी पाहिली. एक बिल्ला लाल.
वेस्ली टी.
पुन्हा मोजली.
तळं इतकं गुळगुळीत होतं
की त्याचा संताप आला.
तीन शिट्या वाजल्या. मीच वाजवल्या म्हणे.
मग हातात हात, एक रांग,
आणि गाळात पाय चाचपडत पुढे सरकणं:
मऊ, मऊ, दगड, मऊ.
काही लागू नये म्हणून.
काही लागावं म्हणून.
छातीइतक्या पाण्यात मला तो आवाज ओळखू आला.

वेस्ली स्वयंपाकघरात होता.
गांधीलमाशी डसली म्हणून बर्फ मागायला गेलेला.
ओठांवर द्राक्षाची जेली.
"बिल्ला ना? विसरलो."
मी त्याला फळीपर्यंत नेलं. तोंडातून शब्द फुटेना.
तो टाचा उंचावून बिल्ला फिरवत होता
आणि मी त्याच्या शर्टाची बाहेर आलेली पट्टी
कॉलरच्या आत घालत होते,
आत गेल्यानंतरही.

इम्पी आता बारा मैलांवरच्या गावात
दातांच्या दवाखान्यात फोन घेते.
त्या संध्याकाळी मी नंबर फिरवला.
"दवाखाना बंद आहे," मशीनवर तिचाच आवाज,
"निरोप ठेवा."
आइली के. बोलतेय, म्हटलं.
पाण्यातून बाहेर आलेय.
जरा उशीर झाला.