बारा हजार

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
आम्ही चौघं एकमेकांची घरं ऐकायला जातो.
तबकडी एकच, चेलोची.
ती आइवारच्या काखोटीला, लोकरी शालीत गुंडाळलेली;
तार्तूच्या बर्फात तो पडेल, ती पडायची नाही.

उर्मासकडे भोंगे आहेत, बंद पडलेल्या थिएटरातून उचललेले,
एकेकात वासरू मावेल एवढे.
त्यातून चेलो उठून अंगावर येतो,
पाय मागे घ्यावे लागतात.
आइवारचे व्हॉल्व्ह तापायला अर्धा तास.
तोवर तो राईचा पाव आणि खारवलेले मासे पुढे करतो;
भरल्या पोटी सगळंच गोड लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक.
माझे डबे मीच ठोकलेले, फर्निचरच्या कारखान्यात उरलेल्या फळ्यांचे,
आत सोव्हिएत काळातले स्पीकर, दोनदा डिंकाने सांधलेले.
माझ्याकडे सगळे म्हणतात, "उबदार."
उबदार म्हणजे काय ते मला कळतं.
बेचव सुपाला मीही तेच म्हणतो.

हेल्दुरकडे मात्र बूट काढतानाच आवाज खाली येतो आमचा.
त्याने जंगलाचा तुकडा विकला आणि वायर घेतली.
वायर. फक्त वायर.
"वाजवणारीचा श्वास ऐकू येतो बघा," तो म्हणाला,
आणि आम्ही माना डोलावल्या,
एकाची बघून दुसऱ्याने, दुसऱ्याची बघून मी.

मग त्याने कसोटीची तबकडी लावली.
सेकंदाला बारा हजार कंपनं, नुसता एक सूर.
आम्ही डोळे मिटून बसलो.
भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.
उर्मासचं पोट बोललं, तेही.
"सुरू झालं का?" आइवारने विचारलं.
तेवढ्यात हेल्दुरची नात, सात वर्षांची केर्तू,
कान दाबून किंचाळत आली, "आजोबा, बंद करा ना ते!"
आणि कुत्रा शेपूट घालून थेट अंगणातल्या बर्फात.

कुणी कुणाकडे बघितलं नाही.
हेल्दुरने सुई उचलली, उगीच फुंकर मारली,
आणि मग आम्ही वायरीवरून भांडलो,
नेहमीपेक्षा जरा जोरात,
तासभर.

घरी आलो. लेइदा मोजे विणत होती.
दोन हिवाळे ती सांगते आहे, तुझ्या डाव्या डब्यातून
बारीक शिट्टी येते, डोकं उठतं माझं;
आणि दोन हिवाळे मी म्हणतो आहे, तुझ्या कानांत वारं भरलंय.
"कसली गं शिट्टी?" आज विचारलं, खुर्ची जवळ ओढून.
तिने सुया बाजूला ठेवल्या, ओठ गोल केले
आणि वाजवून दाखवली,
जरा खालच्या पट्टीत,
मला पोचेल अशी.